'बुक ऑफ मॉर्मन' घ्यायचं तर रीडर्स एडिशनच घ्या

मॉर्मन म्हणजे अमेरिकेत सुरू झालेला, ख्रिस्ताला मानणारा एक पंथ; त्या लोकांचा 'बुक ऑफ मॉर्मन' हा धर्मग्रंथ वाचायला कुठली प्रत घ्यावी असं दोघातिघांनी विचारलं म्हणून लिहितोय. ग्रँट हार्डी यांनी संपादित केलेली रीडर्स एडिशन घ्या, २००३ ला युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉय प्रेसनं काढलेली. आम्ही काही जण सांगलीत विश्रामबागला रविवारी सकाळी जमून कुठला ना कुठला ग्रंथ मोठ्यानं वाचतो, दासबोध झाला, बायबलमधली स्तोत्रं झाली, सध्या हे चालू आहे.

फरक मांडणीचा आहे, आणि तो लई मोठा आहे. या पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथनी १८३० ला न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरात हे पुस्तक छापून घेतलं तेव्हा वचनांना आकडे नव्हतेच, सलग परिच्छेद होते. आताचे आकडे १८७९ च्या आवृत्तीत आले, १९२० ला पानाचे दोन कॉलम झाले, त्यामुळं नेहमीच्या प्रतीत गोष्ट, भाषण, पत्र, कविता सगळं एकसारखंच दिसतं. हार्डींनी मजकूर १९२० चाच ठेवला पण परिच्छेद पाडले, कोण बोलतंय ते अवतरणचिन्हात घातलं, मथळे दिले, आणि जिथं कविता आहे तिथं ओळी तोडून दिल्या.

ग्रंथातल्या 'दुसरा नीफाय' या भागाचा चौथा अध्याय बघा, सांगणारा नीफाय स्वतःच. बाप वारलाय, भाऊ चिडलेत, आणि नीफाय एकदम स्वतःच्या पापांवर रडायला लागतो, मग स्वतःच्याच जिवाला हाक मारून ऊठ म्हणतो. दोन कॉलमात हे उपदेशासारखं वाहून जातं. इथं ओळी सुट्या आहेत त्यामुळं वाचणारा आपोआप थांबतो, आणि ज्यांना लहानपणापासून करुणाष्टकं पाठ आहेत त्यांना हा सूर लगेच कळेल, तोच अनुताप, तीच देवाला घातलेली गळ.

'जेकब' या भागाचा पाचवा अध्याय तर आपल्या भागातल्या माणसानं वाचायलाच पाहिजे. ७७ वचनं आणि एका ऑलिव्हच्या बागेची गोष्ट. जुनं झाड खराब व्हायला लागतं, मालक छाटतो, बुडाशी खणतो, खत घालतो, रानटी फांद्या आणून कलम करतो, सुरुवातीला फळ चांगलं येतं पण पुढं सगळी बागच नासते तेव्हा मालक रडतो, म्हणतो बागेसाठी माझं अजून काय करायचं राहिलं होतं? नोकर कारण सांगतो, फांद्या मुळांना भारी पडल्या. आमच्यात तासगावचे एक बागायतदार काका आहेत, डॉगरीज जातीच्या खुंटावर द्राक्षाची कलमं भरण्यात आयुष्य गेलेले. ते म्हणाले, "परत वाच रे तेवढं." परत वाचल्यावर म्हणाले, "वरचा जोर झाला की खालची मुळी सोसत न्हाई. बरोबर लिवलंय." त्या दिवशी पुढचं वाचन झालंच नाही, काका बोलत राहिले आणि आम्ही ऐकत राहिलो, माझ्या मते धर्मग्रंथ असाच वाचावा.

अडचणी पण सांगतो. इंग्रजी जुन्या बायबलच्या वळणाचं आहे, सवय व्हायला वेळ लागतो. दुसऱ्या नीफायमध्ये बायबलमधल्या यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाचे तब्बल १३ अध्याय सलग येतात, तिथं आमच्यातले बरेच जण गळपटले. मॉर्मन चर्चची आताची प्रत शेजारी ठेवून वाचणार असाल तर काही शब्द जुळणार नाहीत, कारण मजकूर १९२० चा. पुस्तक ऑनलाइनच मागवावं लागतं, जुनी प्रत मिळाली तर तीच बघा, स्वस्त पडते. एकट्यानं वाचणार असाल तर आधी जेकब ५, मग नीफायचा तो चौथा, आणि यशया बिनधास्त पुढं ढकला.