नौपाड्यातली लाल फुलदाणी

ठाण्याच्या गोखले रोडच्या मागच्या गल्लीत चिनीमातीच्या भांड्यांचं एक छोटं दुकान आहे. तिथून मी क्योटोची एक लाल फुलदाणी घेतली. किंमत १८,५०० रुपये. आमच्या सोसायटीत ज्यांनी ज्यांनी ती पाहिली, त्यांनी आधी किंमत विचारली आणि मग माझ्याकडे पाहिलं. ती तेवढ्या पैशांची का आहे, हे नीट सांगावं असं वाटलं म्हणून लिहितो आहे. नोकरीची सगळी वर्षं मी टाइल्सच्या कारखान्यात, ग्लेझच्या, म्हणजे मातीवर भाजून बसवलेल्या काचेसारख्या थराच्या, प्रयोगशाळेत काढली. त्यामुळे लाल रंगाच्या बाबतीत माझं सहजासहजी समाधान होत नाही.

उंची वीतभर. खांदे रुंद, गळा आखूड, खाली निमुळती होत गेलेली. काठावर लाल रंग नाहीच. दोऱ्याएवढी बारीक पांढरट रेघ आहे. तिच्याखाली फिकट गुलाबी, मग खांद्यावर रंग उघडतो आणि पोटापाशी पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा होतो. उजेड वरून परत येत नाही, थोडा आत जाऊन येतो. बारकाईने पाहिलं तर लालात उभ्या बारीक धारा दिसतात, भट्टीत ग्लेझ वाहिलं त्याच्या. बुडाजवळ ग्लेझ जाड होऊन गोल कडेने थांबलं आहे आणि त्याच्याखाली बोटभर करडी, उघडी माती आहे.

हा लाल रंग ब्रशने दिलेला नाही. जपानमध्ये याला शिन्शा म्हणतात आणि तो येतो तांब्यापासून. शंभर ग्रॅम ग्लेझमध्ये तांबं जेमतेम अर्धा ग्रॅम, सोबत थोडं कथील. साध्या, भरपूर हवेच्या भट्टीत हेच ग्लेझ भाजलं तर हिरवट निघेल. लाल हवा असेल तर साधारण १२५० ते १३०० अंशांच्या भट्टीत हवा कमी करावी लागते. इंधन अर्धवट जळतं, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तो तांब्याच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो. मागे उरतात धातूरूप तांब्याचे अतिसूक्ष्म कण, काचेत विखुरलेले. आपल्याला लाल दिसतात ते हे कण. हवा थोडी जास्त झाली की रंग उडतो, धूर जास्त झाला की कलेजीसारखा मळकट होतो. काठावर ग्लेझ पातळ असतं, तिथलं तांबं उडून जातं किंवा त्याला पुन्हा ऑक्सिजन मिळतो, म्हणून ती पांढरी रेघ. भट्टीत उडालेलं हे तांबं कधी कधी शेजारच्या भांड्यावर जाऊन बसतं आणि त्याच्या एका बाजूला गुलाबी छटा येते.

आमच्या कारखान्यात लाल टाइलसाठी कॅडमियम आणि सेलेनियमचा तयार रंग यायचा. पहिली पेटी आणि हजारावी पेटी शेजारी ठेवली तर फरक दिसता कामा नये, हे आमचं काम होतं आणि ते काम अवघड आहे, त्याचा मला आजही आदर आहे. पण त्या लालाला खोली नसते. तो पृष्ठभागावर सपाट बसतो. जपानमध्येच अरिता गावच्या पोर्सिलीनवर, म्हणजे पांढऱ्या चिनीमातीच्या भांड्यांवर, १७व्या शतकापासून जो लोखंडाचा नाजूक लाल काढतात, तो ग्लेझच्या वर रंगवून पुन्हा कमी आचेवर भाजलेला असतो. तोही सुंदर, पण वेगळा. तांब्याचा लाल ग्लेझच्या आतच जन्मतो.

अशा भांड्यांबद्दल बोलताना लोक ‘आगीची किमया’ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. ही फुलदाणी उलटी करून पाहा. बुडाच्या जरा वर, माती ओली असताना चाकावरच कोरलेली एक अगदी उथळ खाच आहे. वाहत आलेलं ग्लेझ त्या खाचेत येऊन थांबलं आहे. ग्लेझ लावण्याच्या आधी, भट्टी पेटण्याच्या कितीतरी आधी, हे किती वाहील आणि कुठे अडवायचं हे करणाऱ्याला माहीत होतं. खाच जरा वर असती तर उघडी माती जास्त दिसून घाट तुटला असता, जरा खाली असती तर भांडं भट्टीच्या फळीलाच चिकटलं असतं. मी पैसे दिले ते त्या खाचेला.

करणारा माणूस क्योटोच्या यामाशिना भागात राहतो. दुकानाच्या मालकीणबाई त्याच्याकडे जाऊन आल्या आहेत. त्यांनी सांगितलं की तो एकटाच काम करतो, गॅसची छोटी भट्टी आहे आणि भट्टी लावली की दुसरं कुणी झडपेला हात लावत नाही. बघायच्या भोकातून ज्योत किती बाहेर येते, तिचा रंग कसा आहे, यावरून तो हवा कमीजास्त करतो. तापमानाचं यंत्र आहे, पण वहीत तो ज्योतीचीच नोंद करतो. फुलदाणीच्या बुडावर सही नाही. सही आहे ती सोबतच्या हलक्या लाकडी पेटीच्या झाकणावर, शाईने.

सही नसण्यावरून मला क्योटोचे कुंभार कावाई कांजिरो आठवतात. जपानच्या तांबड्या ग्लेझबद्दल बोलायचं आणि त्यांचं नाव घ्यायचं नाही, असं होऊ शकत नाही. जन्म १८९०, शिमाने प्रांतातल्या यासुगीचा. तोक्योच्या तांत्रिक विद्यालयात शिकले, मग क्योटो महापालिकेच्या सिरॅमिक संशोधन संस्थेत हामादा शोजी या दुसऱ्या कुंभाराबरोबर हजारो ग्लेझच्या चाचण्या केल्या. १९२० मध्ये गोजोझाका भागात स्वतःची भट्टी घेतली. सुरुवातीची त्यांची भांडी जुन्या चिनी आणि कोरियन घाटांच्या वळणाची होती आणि त्यांवर भरपूर नाव मिळालं. नाव झाल्यावर त्यांनी ती वाट सोडली, रोजच्या वापरातल्या भांड्यांकडे वळले, भांड्यांवर सही करणं बंद केलं. १९५५ मध्ये ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान देऊ केला तेव्हा तो नाकारला. तांब्याचा लाल मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. १९६६ मध्ये ते गेले. त्यांचं घर आता संग्रहालय आहे आणि मागच्या अंगणात चढावर बांधलेली लाकडावरची मोठी भट्टी अजून पाहायला मिळते. धुराच्या नियमांमुळे क्योटो शहरातल्या अशा भट्ट्या १९७० च्या सुमारास थंड झाल्या. गॅसवर तसा लाल मिळवायचा म्हणजे पुढच्या कुंभारांना बरंच पुन्हा शिकावं लागलं असणार. माझ्या टेबलावरच्या भांड्यात मला तो अभ्यास दिसतो.

आता दुकानाबद्दल. जागा लहान, एका वेळी तीन माणसं उभी राहिली की चौथ्याने बाहेर थांबायचं. पण वस्तू काचेच्या कपाटात कोंडलेल्या नाहीत. मी लांबूनच बघत होतो तर मालकीणबाई म्हणाल्या, “काका, उचलून बघा ना. हातात घेतल्याशिवाय कशी कळणार?” मी म्हटलं, “ताई, दारात उजेडात नेऊ का?” त्यांनी स्वतः नेऊन दिली. हे फार महत्त्वाचं आहे, कारण दुकानातले दिवे पिवळे आहेत आणि पिवळ्या दिव्यात हा लाल तपकिरी दिसतो. तो दिवा बदलायला हवा, हे मी त्यांना सांगितलं आहे. दुसरी गोष्ट म्हणजे किमतीच्या कार्डावर ‘हाताने रंगवलेली’ असं छापलं आहे. ते चूक आहे आणि या कुंभारावर अन्याय करणारं आहे. ताईंनी कार्ड बदलते म्हणून सांगितलं. बांधणी उत्तम, पेटीच्या आत जुन्या मऊ कापडाचा थर होता. गाडी मात्र नेऊ नका, त्या गल्लीत ती लावायला जागा मिळणार नाही. स्टेशनवरून चालत जा.

वापरायला कशी? आतून फिकट राखाडी-हिरवं ग्लेझ आहे, पाणी अजिबात झिरपत नाही. आतल्या ग्लेझला बारीक केसासारख्या रेघा आहेत, पाणी दिवसेंदिवस तसंच ठेवलं तर त्यांत डाग बसतील, म्हणून पाणी रोज बदलतो. बूड खरखरीत आहे, लाकडावर ओरखडे उठतात. खाली कापडाचा तुकडा घातला आहे. पेटीचं लाकूड पावसाळ्यात ओल धरेल म्हणून ती भिंतीपासून लांब, वरच्या फळीवर ठेवली आहे.

फुलांचा प्रश्न आमच्या घरात बराच चर्चेला आला. जांभळी नाक्यावरून आधी मिश्र रंगांच्या शेवंतीची जुडी आणली, पण त्या लालासमोर पिवळी-जांभळी फुलं आरडाओरडा करतात. निशिगंधाच्या दोन काड्या चांगल्या दिसतात. सोनटक्का सगळ्यात चांगला, कारण काठाची पांढरी रेघ आणि फुलाचा पांढरा एकमेकांना धरून राहतात. गुलाब नकोच. सौ.चं मत असं की नुसती हिरवी फांदी असावी, पेरूची किंवा लिंबाची, आणि आठवड्यातले बहुतेक दिवस आता तसंच असतं.

भेट द्यायला म्हणून, घाईत, फोटो बघून घेणार असाल तर ही घेऊ नका. फोटोत तिचा लाल आणि कुठल्याही मॉलमधल्या पाचशे रुपयांच्या लाल भांड्याचा लाल सारखाच दिसतो. स्वतःसाठी घेणार असाल तर सकाळी अकरा-बाराला जा, दारात उभं राहून काठ पाहा, मग उलटी करून खाच पाहा. त्याच कुंभाराचे दोन लाल पेले अजून दुकानात आहेत, प्रत्येकी ४,२०० रुपयांचे. त्यातल्या एकाच्या बाजूला हिरवट डाग आहे, तिथे हवा आत शिरली असणार. ताई तो मागे ठेवतात. मला विचाराल तर दोघांतला तोच घ्यावा, कारण तांब्याचे दोन्ही रंग एका भांड्यावर त्यात बघायला मिळतात.