आयटूपी सहा महिने वापरून: ४४४४ ची कटकट आणि घड्याळाचा सेल

जुना डेस्कटॉप, विंडोज १०, फायरफॉक्स आणि मोबाईल हॉटस्पॉटचं नेट. आर्णी तालुक्यातलं गाव, लाइन कधी जाईल याचा नेम नाही. एवढ्यावर आयटूपी (ओळख लपवून वापरायचं, एकमेकांच्या संगणकांतून चालणारं नेटवर्क) सहा महिने चाललं. नव्या माणसाचं गाडं मात्र पहिल्याच दिवशी अडतं. ब्राउझर म्हणतो: प्रॉक्सी सर्व्हर (ब्राउझर आणि आयटूपीमधला मध्यस्थ) कनेक्शन नाकारतोय.

आधी बघा, एररचं पान कोणाचं आहे. फायरफॉक्सचं असेल तर १२७.०.०.१ (म्हणजे तुमचंच मशीन) च्या ४४४४ पोर्टवर, आयटूपीच्या प्रॉक्सीच्या जागी, कोणी ऐकायलाच बसलेलं नाही. आयटूपीचं स्वतःचं पान असेल तर प्रॉक्सी ठणठणीत आहे, अडलंय ते पुढे टनेलमध्ये, म्हणजे दुसऱ्यांच्या संगणकांतून जाणाऱ्या वाटेत. औषध वेगवेगळं, पण लोक दोन्हीवर रीइन्स्टॉलच करत बसतात.

पान फायरफॉक्सचं असेल तर १२७.०.०.१:७६५७ वर कन्सोल (आयटूपीचं सेटिंगचं पान) उघडतो का पाहा. नाही उघडला तर राउटर (वायफायचा डबा नव्हे, आयटूपीचा प्रोग्राम) बंद आहे. उघडला तर त्यातल्या हिडन सर्व्हिसेस मॅनेजरमध्ये एचटीटीपी प्रॉक्सीसमोरचा दिवा बघा. कन्सोल लवकर उठतो, प्रॉक्सी मागाहून, म्हणून पिवळा असेल तर थांबा. लाल असेल तर स्टार्ट दाबा. तरी लालच राहिला तर पोर्ट दुसऱ्या कोणी धरलाय. जावावालं आयटूपी आणि सी++ वालं आयटूपीडी एकाच मशीनवर टाकलं की हमखास हेच होतं, दोघांनाही ४४४४ च हवा. सेलेनियम ग्रिड या सॉफ्टवेअर-चाचणीच्या साधनाचाही ठरलेला पोर्ट तोच.

फायरफॉक्समध्ये मॅन्युअल प्रॉक्सी निवडा, एचटीटीपीच्या रकान्यात १२७.०.०.१ आणि ४४४४ भरा. सॉक्स या दुसऱ्या प्रकारच्या प्रॉक्सीच्या रकान्यात ४४४४ टाकला की चालत नाही. ७६५७ तर प्रॉक्सीच नाही. हे सगळं वेगळ्या प्रोफाइलमध्ये करा. अख्ख्या विंडोजला प्रॉक्सी लावली आणि राउटर बंद झाला, की महाडीबीटीही उघडत नाही आणि घरचे म्हणतात रिचार्ज संपला.

पान आयटूपीचं असेल तर दहा-पंधरा मिनिटं द्या. तरीही कन्सोलवर अॅक्टिव्ह पीअर्स (जोडलेले इतर संगणक) शून्यच असतील तर घड्याळ बघा. आमच्याकडे खरा आजार हाच. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेला की लाइन गेल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते. नव्या इन्स्टॉलला पहिले पीअर्स एचटीटीपीएसवरून आणावे लागतात, आणि मागच्या तारखेला त्या सर्व्हरचं सर्टिफिकेट 'अजून सुरू झालेलं नाही' असं ठरतं. सेल बदला, मग वेळ सिंक करा.

याहून लबाड प्रकार टाइमझोनचा. नवं विंडोज टाकताना पॅसिफिक राहतो, मग कोणीतरी हाताने काटे जुळवतं. कोपऱ्यातलं घड्याळ बरोबर दिसतं, पण यूटीसी (जगभराची प्रमाण वेळ) साडेतेरा तास चुकलेली असते, उन्हाळ्यात साडेबारा. आयटूपी यूटीसीच बघतं. आधी झोन +५:३० करा, वेळ नंतर.

कन्सोलवर 'फायरवॉल्ड' (बाहेरून थेट कोणी जोडू शकत नाही) दिसलं तर पोर्ट फॉरवर्डिंगच्या, म्हणजे बाहेरून वाट उघडण्याच्या, मागे लागू नका. मोबाईल नेटवर बहुधा तसंच दिसणार, आणि काम चालतं.

डेटाचं मात्र सांभाळा. दुसऱ्यांची वाहतूकही तुमच्यातून जाते. सेकंदाला २० केबी सतत वर गेले तर २४ तासांत सुमारे १.७ जीबी होतात, आणि खाली येणारे वेगळेच. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर रात्रभर चालू ठेवायचं सॉफ्टवेअर हे नव्हे. बँडविड्थ आणि शेअर टक्केवारी दोन्ही पहिल्याच दिवशी खाली आणा.

वेगाची अपेक्षा नको. मजकूर तुमच्याकडचे तीन आणि समोरचे तीन असे सहा टप्पे ओलांडतो, टनेल दर दहा मिनिटांनी नवे बनतात. मजकुराची पानं बरी उघडतात. आयटूपीस्नार्कवर (आयटूपीतलाच टॉरेंट प्रोग्राम) मोठी फाइल लावून रानात जाऊन यावं. हॉटस्पॉटचा फोन खिडकीतून हलवला की मात्र टनेल पडतात आणि पुन्हा तीच दहा-पंधरा मिनिटांची वाट.