कार्यकारिणीत मत कसं घ्यावं: हात वर, चिठ्ठी की धाकट्यापासून सुरुवात?

इंदूरच्या मराठी मंडळात गणेशोत्सवाचे कार्यक्रम ठरवायची बैठक कशी होते, ते ठाऊक असेलच. निवृत्त प्राचार्य काका बोलतात, कोणीतरी अनुमोदन देतं आणि इतिवृत्तात 'एकमताने मंजूर' पडतं. यंदा सचिवपद तुमच्याकडे आलंय आणि पद्धत बदलावी का, असा प्रश्न आहे, म्हणून हे.

हात वर करणं सगळ्यांत झटपट. चहाचा ठेका कोणाला द्यायचा, एवढ्यासाठी पुरेसं आहे. मोठ्या खर्चाला मात्र नको, कारण आधी कोणाचा हात वर जातो तिकडे बाकीच्यांची नजर असते. मानसशास्त्रज्ञ पॉल टॉरन्स यांनी १९५४ साली मांडलेल्या अभ्यासात अमेरिकन बॉम्बर विमानांच्या तुकड्यांना घोड्याच्या खरेदी-विक्रीचं गणित दिलं होतं. बरोबर उत्तर पायलटकडे असलं की तुकडी ते बहुतेकदा मान्य करी. तेच उत्तर गनरकडे, म्हणजे हुद्द्याने सर्वांत खालच्या, विमानातली बंदूक चालवणाऱ्याकडे असलं तर कितीदा तरी वाया जाई. घोड्याच्या हिशेबाशी हुद्द्याचा काय संबंध? तसाच नाटक निवडण्याशी प्राचार्यपदाचा.

चिठ्ठीत भीड राहत नाही. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५० च्या दशकातल्या, सारख्या लांबीची रेष ओळखायच्या प्रयोगांत उघड उत्तरं देताना साधारण एक तृतीयांश वेळा लोक धडधडीत चुकीच्या बहुमतामागे गेले. उत्तर लिहून द्यायचं म्हटल्यावर हे प्रमाण खूपच घटलं. अडचण अशी की चिठ्ठीतून कारण कळत नाही. नाटक नको ते हॉलचं भाडं झेपत नाही म्हणून, की मुलांच्या परीक्षा आहेत म्हणून? शिवाय दहा-बारा जणांत अक्षर ओळखू येतंच, तेव्हा फक्त खूण करायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपचा पोल नको. कोणी काय निवडलं ते तिथे दिसू शकतं.

धाकट्यापासून सुरुवात ही आपल्या लष्कराच्या कोर्ट मार्शलची रीत: सर्वांत कनिष्ठ सदस्य आधी मत देतो. कारणं ऐकू येतात, हा मोठा फायदा. पण सासू-सून एकाच कार्यकारिणीत असतील तर सून आधी बोलूनही सासूबाईंच्या मनातलंच बोलेल.

माझा कौल: खर्चाच्या विषयाला आधी खजिनदारांनी नुसते आकडे सांगावेत, मत नव्हे. मग चिठ्ठी, मग धाकट्यापासून चर्चा आणि शेवटी हात. अध्यक्ष सर्वांत शेवटी बोलतील. मात्र हे त्यांना भर सभेत सांगू नका; आदल्या दिवशी घरी जाऊन विनंती करा.