आजोबांच्या युद्धकैदेची ‘फाइल’ आणि माझे ७६,८०० रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो. ७६,८०० रुपये. चार हप्त्यांत, अडतीस दिवसांत, माझ्याच मोबाइलवरून. कुणी ओटीपी चोरला नाही, खातं हॅक केलं नाही. मीच पाठवले. आणि मी तेवीस वर्षं शाळेत इतिहास शिकवतो. ते सांगायची गरज का पडली, ते पुढे येईलच.

आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या पलटणीत होते. २१ जून १९४२ ला लिबियातलं तोब्रुक पडलं, जर्मन सेनानी रोमेलच्या हाती सुमारे ३३,००० माणसं लागली. अकराव्या भारतीय ब्रिगेडमधली ही पलटणही त्यात होती. तिथून इटली. घरात एवढंच माहीत. आजोबा त्यावर कधी बोलले नाहीत. म्हातारपणी ताप चढला की मात्र ‘पाने, पाने’ म्हणायचे. आजी पानाचा डबा पुढे करायची, ते चिडून तो ढकलून द्यायचे. आम्ही पोरं हसायचो. इटालियनमध्ये ‘पाने’ म्हणजे पाव, हे मला आजोबा जाऊन सव्वीस वर्षं झाल्यावर कळलं. तापात माणूस छावणीतला पाव मागत होता आणि आम्ही त्याला विडा देत होतो. आजीही तोवर गेली होती. हे कळल्यावर कुणीही वेड्यासारखा शोधायला लागेल. मी लागलो. त्यात माझं काय चुकलं ते मला आजही कळत नाही.

असे जुने फौजी कागद शोधून देणाऱ्या माणसाचा नंबर दिला लग्नात भेटलेल्या एकाने. त्याचंही कुणीतरी फौजेत होतं, त्याने तीन हजार भरले होते आणि तो ‘समाधानी’ होता. समोरचा माणूस स्वतःला माजी मेजर म्हणवायचा. फोन उचलला की ‘जय शिवराय’, ठेवताना पलटणीची घोषणा. साताऱ्याकडचीच बोली. खोट्या माणसाने आपल्या बोलीत बोललं की निम्मं काम तिथेच होतं.

त्याने पहिल्याच दिवशी सगळं मागून घेतलं. आजोबांचा फौजेतला नंबर, गाव, डिस्चार्जच्या कागदाचा फोटो, तरुणपणीचा फोटो, भरतीचं साल. मी वीस मिनिटांत सगळं पाठवलं, वर ‘अजून काही लागलं तर सांगा साहेब’. इथेच थांबून सांगतो: सगळं एकदम देऊ नका. एक गोष्ट राखून ठेवा. पणजोबांचं नाव, अंगावरची जखमेची खूण, काहीही. खरा कागद सापडला असेल तर ती त्यात आपोआप निघेल. माझ्या कागदात मी दिलेल्या माहितीपलीकडे एक अक्षर नव्हतं. माझाच माल मला विकला.

शोध फी ४,५०० रुपये. नवव्या दिवशी रात्री साडेअकराला मेसेज, ‘सापडले!!’ खाली एक धूसर फोटो, मधोमध आडवा शिक्का, वाचता येईल इतकंच आडनाव. इटालियन आणि जर्मन मजकुराच्या भाषांतराचे ११,८०० भरल्यावर तो फोटो स्पष्ट होणार होता. भरले. मग जिनिव्याच्या रेडक्रॉसकडून ‘साक्षांकित प्रत’ मागवायचे १८,५००. तेही भरले.

प्रत कुरिअरने आली आणि तो रविवार मी विसरूच शकत नाही. तपकिरी जाड कागद, कडेला दोन भोकं, वर छावणी क्रमांक ९१, आवेझ्झानो. नाव खोटं नव्हतं, भारतीय कैद्यांना तिथे ठेवत होते, आणि म्हणूनच मी भुललो. आत्या एक्क्याऐंशीची. तिला दिसत नाही, मी मोठ्याने वाचून दाखवत होतो. नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, ‘जिल्हा सातारा, महाराष्ट्र’.

आत्या म्हणाली, “तवा कुठला रं म्हाराष्ट्र? तवा मुंबई इलाखा हुता.”

आणि मी काय म्हणालो? “अगं, नंतर टाइप केलं असेल कुणीतरी.”

बेचाळीस सालच्या कार्डावर! दर वर्षी १ मेला वर्गात मीच पोरांना विचारतो, महाराष्ट्र कधी झाला. न सांगणाऱ्याला उभं करतो. डोळ्यांनी न दिसणाऱ्या, चौथी शिकलेल्या बाईला जे ऐकून कळलं, ते मला हातात कागद धरून कळलं नाही. कळलं नाही असंही नाही. आत कुठेतरी खट्‌ झालंच होतं. पण तोवर ३४,८०० गेले होते, आणि गेलेले पैसे खोट्याला गेले हे कबूल करण्यापेक्षा खोटं खरं मानणं सोपं होतं.

फोटोही तसाच. कार्डावरचा चेहरा म्हणजे मी पाठवलेलाच फोटो, रंग उडवून चिकटवलेला. डाव्या खांद्यामागे कुंडीतल्या झाडाची दोन पानं दिसत होती. ती कुंडी साताऱ्याच्या स्टुडिओतली, आजोबा सुटून आल्यावर काढलेल्या फोटोतली. इटलीच्या छावणीत कैद्यामागे कुंडी कोण ठेवतं? ही पानं मी भिंग लावून पाहिली, पण पैसे गेल्यावर. त्याच भिंगाने शिक्क्यावरची तारीखही पाहिली, नोव्हेंबर १९४३. इटलीची शरणागती ८ सप्टेंबर १९४३ ला जाहीर झाली, मग नोव्हेंबरात इटालियन छावणीचा शिक्का कोण मारत बसलं होतं?

चौथा हप्ता सगळ्यात लाजिरवाणा, कारण त्यात हाव होती. मेजर म्हणाला, कैदेतल्या काळाचा थकलेला पगार ब्रिटिश सरकारकडे पडून आहे, व्याजासकट ८,६४,००० रुपये वारसांना मिळतील. फाइल चार्ज ४२,०००, परत मिळणारा. माझी बाजू ऐका. १९२९ च्या जिनिव्हा करारात कैद्यांच्या पगाराची कलमं खरोखर आहेत, मी शोधून वाचली. म्हणजे चौकशी केलीच, फक्त चुकीच्या जागी केली. ‘परत मिळणारा’ हा शब्द कानावर पडला की फोन ठेवा, एवढंच सांगतो. पंधरवड्याने त्याने टॅक्स क्लिअरन्सचे ६५,००० मागितले, बायकोने फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि मग मी जागा झालो.

तीन दिवस कुणाला सांगितलं नाही. शरम. तेच तीन दिवस महागात पडले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर त्याच तासाला फोन करा, रडायचं ते नंतर रडा. पैसे खात्यातून खात्यात उडायच्या आत अडवता आले तरच अडतात.

आता आमच्या पोलीस ठाण्याचं ऐका. युद्धकैदी हा शब्द ऐकून हवालदार म्हणाला, “कैदी? कुठल्या जेलला होते? कलम काय?” मी म्हटलं, इटलीत होते, दुसऱ्या महायुद्धात. “मग हे तिकडचं मॅटर आहे.” दुसऱ्या दिवशी साहेब भेटले. म्हणाले, तुम्हीच पाठवले ना, मग फसवणूक कशी? तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पण स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का पाहिजे. बँकेत गेलो तर, ऑनलाइन स्टेटमेंटला शिक्का लागत नाही, आम्ही देत नाही. ठाण्यात आलो तर, शिक्क्याशिवाय घेत नाही. ही चक्कर मी चार वेळा मारली, शाळेची दोन अर्धी रजा घालवून. शेवटी बँकेतल्या एका मुलीला दया आली, तिने शाखेचा गोल शिक्का मारला. तो शिक्का कुणी वाचलाही नाही. मग कळलं, खातं दुसऱ्या राज्यातलं, एका बाईच्या नावाचं, त्यामुळे ‘तिकडे पत्र जाईल’. पत्र गेलं का विचारायला पाच वेळा गेलो. पाचव्यांदा टेबलावरचा माणूस म्हणाला, “गुरुजी, पन्नास लाखवाले गप बसलेत, तुम्ही पाऊण लाखासाठी रोज येता.” पाऊण लाख म्हणजे माझा दीड महिन्याचा पगार, हे त्याला सांगायला तोंडच उघडलं नाही.

त्या खात्यात गोठवलेले सापडले ३,२१२ रुपये. ते मिळवायला तेव्हा कोर्टाचा आदेश आणायला सांगितलं. वकिलाने फी सांगितली ५,०००.

दलालाशिवाय काय करता येतं ते मला नंतर कळलं. जिनिव्याच्या रेडक्रॉसकडे दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्याबद्दल घरच्या माणसाला थेट अर्ज करता येतो. अर्ज घेण्याची त्यांची मुदत पाहा आणि महिनोन्‌महिने थांबायची तयारी ठेवा. नऊ दिवसांत ‘सापडले!!’ म्हणणारा तिथला नाही. पणजोबा पहिल्या महायुद्धात, कूत-अल-अमाऱ्याच्या (आजचा इराक) शरणागतीत सापडले असतील तर त्या युद्धातली रेडक्रॉसची कार्डं इंटरनेटवर फुकट आहेत. जो परतलाच नाही त्याचं नाव राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या यादीत पाहा, तीही फुकट. रेजिमेंटचं केंद्र बेळगावला आहे, पत्र स्वतः लिहा. आणि कागदावर ‘मराठा’ची इंग्रजी स्पेलिंग बघा. त्या काळी पलटणीच्या नावात ‘Mahratta’ असं, ‘एमए’च्या लगेच पुढे ‘एच’ असायचा. आजोबांच्या डिस्चार्जवर तो आहे. माझ्या १८,५०० च्या कार्डावर नव्हता.

मेजरचा जुना नंबर बंद आहे. पण गेल्या गुरुवारी माझ्या चुलतभावाला नव्या नंबरवरून मेसेज आला, ‘जय शिवराय, आपल्या आजोबांची इटलीतली फाइल सापडली आहे.’ आजोबा तेच, फोटो तोच, कुंडीतल्या पानांसकट. शोध फी आता ५,५००.