मोठे टायर आणि उंच सस्पेन्शन: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

टायर आधी ठरवावेत आणि ते मोकळेपणाने फिरावेत यासाठी लागेल तेवढीच गाडी उंच करावी, हे माझे मत काही महिन्यांच्या वापरानंतर पक्के झाले आहे. बहुतेक जण याच्या उलट क्रमाने जातात. आधी उंचीचा आकडा ठरतो, मग त्या उंचीला शोभेल असा टायर शोधला जातो, आणि गाडी दिसायला भारदस्त झाली तरी दगडांच्या वाटेवर तिच्यात फारसा फरक पडत नाही. असे का होते, हे गाडीखाली एकदा डोकावले की कळते.

माझी गाडी चासीवर बांधलेली फोर बाय फोर असून तिला पुढे आणि मागे अखंड अ‍ॅक्सल व कॉइल स्प्रिंग आहेत. अशा गाडीत स्प्रिंग उंच केले की बॉडी आणि चासी वर जातात. अ‍ॅक्सल आणि त्याच्या मध्यभागी लोंबणारे डिफरेन्शियलचे (इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीचे) गोळे मात्र होते तिथेच राहतात. गाडीच्या पोटाखालचा सर्वांत खालचा भाग हे गोळेच असतात आणि दगडावर पहिला घाव त्यांनाच बसतो. ते वर उचलण्याचा साधा उपाय एकच, तो म्हणजे चाकाचा व्यास वाढवणे. कारखान्यातून आलेला २३५/७० आर १६ टायर साधारण ७३५ मिलिमीटर व्यासाचा होता आणि आता बसवलेला २४५/७५ आर १६ सुमारे ७७४ मिलिमीटरचा आहे. त्यामुळे डिफरेन्शियल जमिनीपासून जेमतेम १९ मिलिमीटर वर गेले. आकडा लहान वाटतो, पण ज्या दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर पूर्वी दर वेळी खालून खरवडल्याचा आवाज यायचा, तिथून गाडी आता काहीही न टेकता निघून जाते.

स्प्रिंगने मिळालेली ४० मिलिमीटरची उंची निरुपयोगी आहे असे मला म्हणायचे नाही. तिच्यामुळे समोरचा बंपर चढाला अडत नाही, मधला भाग उंचवट्यावर बसत नाही आणि मुख्य म्हणजे मोठ्या चाकाला कमानीत वर-खाली होण्यास जागा मिळते. तरीही ही उंची फुकट येत नाही. गाडीची उलटण्याविरुद्धची स्थिरता दोन चाकांमधील अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणोत्तरावर ठरते, त्यामुळे उंची वाढवताना रुंदी तशीच राहिली तर आडव्या उतारावरची खात्री कमी होणारच. हा फरक मला पहिल्याच तिरक्या वाटेवर जाणवला आणि तेव्हापासून टपावर जड सामान ठेवणे मी बंद केले आहे.

टायरची रुंदी मी मुद्दाम फार वाढवली नाही. रिम मूळचेच आणि त्यांचा ऑफसेटही (चाक आत-बाहेर किती बसते ते माप) तोच ठेवल्याने चाके कमानीबाहेर आली नाहीत, बेअरिंगवर वाढीव ताण आला नाही आणि स्टिअरिंगची सवयीची पकड टिकून राहिली. जाड पदरांच्या, भार वाहण्यासाठी बनवलेल्या ऑल-टेरेन टायरची साइडवॉल (बाजूची भिंत) दणकट असते. धारदार खडीच्या वाटेवर हवा कमी करून चालताना पंक्चरची भीती खरोखर कमी झाली. मात्र एक टायर मूळ टायरपेक्षा सुमारे पाच किलो जड भरतो. हे वजन स्प्रिंगच्या खालचे असल्याने खड्ड्यात आदळल्यावर चाक पुन्हा जमिनीला टेकवण्याचे शॉकअपचे काम वाढते, आणि ते फिरणारे वजन असल्याने वेग घेताना व ब्रेक लावतानाही जाणवते.

हवेच्या दाबाबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त लाभ मला तिथे झाला. दारावरच्या पट्टीवर लिहिलेला दाब मूळ टायरसाठी असतो. जाड बांधणीच्या टायरला तेवढाच भार पेलण्यासाठी सहसा जास्त दाब लागतो. मी टायरच्या भार-दाब तक्त्यावरून किमान दाब काढला आणि मग टायरवर खडूने आडवी जाड रेघ मारून सपाट रस्त्यावर थोडे अंतर सरळ चालवून पाहिले. ३० पीएसआयवर खडू कडांना आधी पुसला गेला, ४० वर मधोमध, आणि ३६ वर सगळीकडे सारखा. आता डांबरी रस्त्यावर थंड टायरमध्ये ३६, दगडगोट्यांच्या वाटेवर २० आणि रेतीत १६ पीएसआय ठेवतो. दाब उतरवला की टायरचा जमिनीला टेकणारा भाग मुख्यतः लांबीला वाढतो, रबर दगडाच्या आकारानुसार वळते आणि जी चाके आधी जागच्या जागी फिरत होती ती शांतपणे चढू लागतात. १६ च्या खाली मी जात नाही, कारण साध्या रिमवर वळताना टायरची कड निसटण्याचा धोका असतो. आणि डांबरावर परतल्यावर हवा भरल्याशिवाय वेग घेत नाही, कारण कमी हवेचा टायर वेगात झपाट्याने तापतो.

उंची वाढवण्याच्या कामात स्प्रिंग आणि शॉकअप बदलणे हा सोपा भाग आहे. खरी परीक्षा त्यानंतरच्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींत असते. पुढचा अ‍ॅक्सल ज्या दांड्यांवर टेकलेला असतो त्या दांड्या खाली झुकल्या की अ‍ॅक्सल किंचित फिरतो आणि कॅस्टर कोन, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. माझ्या गाडीत तो दोन अंशांहून अधिक घटला होता. कॅस्टर कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपणहून मध्यावर येत नाही आणि हमरस्त्यावर गाडी सतत सांभाळावी लागते. दांड्यांच्या सांध्यांत मध्य सरकवलेले खास बुश (रबरी अस्तरे) बसवून तो कोन पूर्ववत केल्यावरच गाडी सरळ चालू लागली. त्याचप्रमाणे अ‍ॅक्सलला आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड तिरका झाला की अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो, म्हणून पुढे लांबी बदलता येणारा रॉड घेतला. ब्रेकचे होज, एबीएसच्या तारा आणि अ‍ॅक्सलचे ब्रीदर पाइप (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळ्या) चाक पूर्ण खाली लोंबत असताना ताणले जात नाहीत ना, हे जॅकवर गाडी धरून एकेक करून तपासले.

दोन बारकाव्यांकडे वर्कशॉपमध्ये हमखास दुर्लक्ष होते, म्हणून ते ठळकपणे नोंदवतो. पहिला बुशचा. दांड्यांचे रबरी बुश बोल्ट आवळताना ज्या स्थितीत असतील तीच त्यांची विश्रांतीची स्थिती ठरते. चाके हवेत लोंबत असताना बोल्ट आवळले तर गाडी जमिनीवर उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. माझ्या मेकॅनिकने सगळे बोल्ट आधी नुसते हाताने बसवले, गाडी चारही चाकांवर उभी करून हलवली आणि मग तिच्याखाली शिरून टॉर्क पान्याने आवळले. आजही त्या बुशवर चीर नाही. दुसरा बारकावा मागच्या ब्रेकचा. अनेक गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलपासून चासीपर्यंत एक बारीक दांडी जाते आणि गाडी भाराने किती दबली आहे ते पाहून मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करते. गाडी उंच झाली की ती यंत्रणा गाडी रिकामी आहे असे समजते आणि भरलेल्या गाडीलाही मागे कमी ब्रेक देते. दांडीच्या टोकाशी उंचीइतकाच एक लहान ब्रॅकेट लावून हे दुरुस्त होते. ही सुरक्षेची बाब आहे आणि तिच्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये.

शॉकअपबाबत माझे समाधान पूर्ण आहे. मूळचे दुहेरी नळीचे शॉकअप लाटांसारख्या खरबरीत कच्च्या रस्त्यावर बराच वेळ चालल्यावर तापून मऊ पडत, मागचा भाग वळणात नाचू लागे आणि वेग उतरवावा लागे. आतल्या तेलात बुडबुडे मिसळले की पिस्टनला विरोध करणारे काही उरत नाही, हे त्यामागचे कारण. नवे शॉकअप एका नळीचे असून त्यांत तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन वेगवेगळे राहतात, शिवाय तेलाची नळी थेट हवेच्या संपर्कात असल्याने उष्णता लवकर बाहेर पडते. त्याच रस्त्यांवर आता शेवटपर्यंत गाडी सारखीच वागते. एक काळजी मात्र घ्यावी लागते: एका नळीच्या शॉकअपला दगड लागून खोल पोचा पडला तर पिस्टन अडकू शकतो, म्हणून प्रत्येक कठीण वाटेनंतर मी हात फिरवून नळ्या तपासतो. रिकाम्या गाडीत शहरी वेगाला स्प्रिंग थोडे कडक वाटतात, कारण ते सामानासह चालणाऱ्या गाडीसाठी निवडले आहेत.

गाडी बाहेर काढण्याआधी एक मागचे चाक मोठ्या धोंड्यावर चढवले, स्टिअरिंग टोकापर्यंत वळवले आणि गुडघ्यांवर बसून पाहिले. पुढच्या टायरचा खांदा आणि पुढची दांडी यांच्यात एका बोटाचीही फट नव्हती. स्टिअरिंग थांबवणाऱ्या बोल्टखाली वॉशर घातल्यावर घासण्याची शक्यता संपली. त्या बदल्यात वळण्याचा घेर किंचित वाढला आहे.

मोठ्या चाकामुळे गिअर जणू पाच टक्क्यांनी लांब झाले आहेत. हमरस्त्याच्या चढाला पूर्वी वरच्या गिअरमध्ये निघणारी गाडी आता एक गिअर खाली मागते. लो-रेंजमध्येही (संथ वेगाच्या, जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) सर्वांत संथ वेग किंचित वाढला, तरी तिथे ताकदीची उणीव जाणवली नाही. इंधनाचा हिशेब करताना एक दुरुस्ती अवश्य करावी. चाक मोठे झाल्यावर किलोमीटरची नोंद खऱ्या अंतरापेक्षा कमी पडते, त्यामुळे मीटर पाहून काढलेले अ‍ॅव्हरेज आहे त्याहून वाईट दिसते. पूर्वी लिटरला ११ किलोमीटर मिळत. आता मीटरवरून साडेनऊ येतात, पण दुरुस्ती केल्यावर तो आकडा १० च्या आसपास जातो. वेगाच्या काट्याचे उलट झाले. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवता कामा नये, म्हणून उत्पादक तो थोडा जास्तच दाखवतात. माझा काटा १०० दाखवी तेव्हा जीपीएसवर ९५ असत. आता दोन्ही आकडे जवळपास जुळतात. याहून मोठा टायर घेतला असता तर काटा कमी वेग दाखवू लागला असता आणि त्याचे कॅलिब्रेशन करणे भागच पडले असते.

हजारेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासले तेव्हा पॅनहार्ड रॉडचा एक किंचित सैल निघाला. याच सुमारास स्प्रिंगही थोडे बसले, म्हणून कॅस्टर आणि टो (चाके समोरून आत किंवा बाहेर किती वळली आहेत ते माप) पुन्हा मोजून घेतले व हेडलाइटचा झोत नव्याने खाली केला, कारण उंच झालेल्या गाडीचा प्रकाश समोरच्याच्या थेट डोळ्यांत जातो. टायरचा आवाज वेग वाढल्यावर केबिनमध्ये येतो, पण बोलण्यात व्यत्यय आणण्याइतका नाही.

सुटे चाकही त्याच मापाचे घेतले आहे. फोर बाय फोर जोडलेली असताना वेगवेगळ्या व्यासाची चाके चालवली तर गिअरबॉक्सपासून अ‍ॅक्सलपर्यंत ताण साचतो, म्हणून पाचही टायर आलटून पालटून वापरतो आणि त्यांची झीज सारखी ठेवतो. जड झालेले ते चाक मागच्या दारावर टांगलेले असल्याने बिजागऱ्यांवर भार आला आणि दार बंद करताना किंचित उचलावे लागू लागले आहे. चासीवर बसणारा वेगळा कॅरिअर लावणे हे आता पुढचे काम आहे.