त्वरण: सूत्राने काढावे की आलेखाच्या चढावरून?

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील मराठी शाळांत नववीचे विद्यार्थी त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, बहुधा सूत्रानेच शिकतात: अंतिम वेगातून आरंभीचा वेग वजा करावा आणि उरलेल्या संख्येला काळाने भागावे. त्वरण एकसमान असेल, तर ही रीत आलेखापेक्षा झटपट आहे, यात वाद नाही.

मात्र खानापूरकडे निघालेली बस सरळ रस्त्यावर 10 सेकंदांत 0 वरून 10 मीटर प्रति सेकंद वेग घेते, पुढचे 10 सेकंद त्याच वेगाने धावते आणि नंतर 5 सेकंदांत थांबते, असे समजा. संपूर्ण 25 सेकंदांसाठी सूत्र शून्य हे उत्तर देते. सरासरी म्हणून ते अचूक आहे, पण प्रवासाविषयी काहीच सांगत नाही. वेग-काल आलेखात मात्र तीन रेषाखंड दिसतात आणि त्यांचे चढ (वेगातील बदल भागिले काळ) अनुक्रमे 1, 0 व उणे 2 मीटर प्रति सेकंद वर्ग येतात. शिवाय रेषेखालील क्षेत्रफळ 175 मीटर हे अंतरही देते.

आलेख वाचताना दोन गफलती होतात. आडवी रेषा म्हणजे थांबलेली बस नव्हे. आणि आलेखाचा चढ म्हणजे रस्त्याचा चढ नव्हे, कारण चोर्ला घाटातील सरळ चढणीवर स्थिर वेगाने जाणाऱ्या बसचा आलेखही आडवाच असतो.

वेग वक्ररेषेने बदलत असेल, तर मी आलेखच निवडेन: एखाद्या बिंदूवर वक्राला नुसती स्पर्श करणाऱ्या सरळ रेषेचा, म्हणजे स्पर्शिकेचा, चढ त्या क्षणाचे त्वरण देतो, तर शाळेतील सूत्र केवळ सरासरीपर्यंत पोहोचते.