आमचा छोटा अंक नॅशनल लायब्ररीत जमा केला, त्याचा अनुभव

आम्ही तिघं मिळून एक अनियतकालिक काढतो, जेमतेम शंभर कॉप्या, घरीच घड्या घालून स्टेपल मारायच्या, आणि असलं काही नॅशनल लायब्ररी ठेवून घेईल असं वाटलंच नव्हतं, पण घेतात! छापलेल्या पुस्तकाची एक प्रत जमा करायची ही पद्धत फ्रान्समध्ये १५३७ साली राजाच्या हुकमानं सुरू झाली, आता कितीतरी देशांत तसा कायदाच आहे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, नव्हता तरी आमचं काही अडलं नाही. अडलं ते तारखेपाशी, पहिल्या दोन अंकांवर ती छापलीच नव्हती, मग काउंटरवरच्या मॅडमनी आम्हाला विचारून शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात पेन्सिलनं लिहून घेतली, पेनानं नाही हां. ते बघताना खरंच भरून आलं, आपल्या अंकाला कुणीतरी इतकं जपतंय. पोच यायला मात्र दोन महिने लागले आणि कॅटलॉगमध्ये नाव चुकलं होतं, ईमेल केल्यावर दुरुस्त केलं. वाचायला देतात ते तिथेच बसून, घरी नेता येत नाही, म्हणून अंक टिकतात. जमा करणार असाल तर स्टेपलऐवजी दोऱ्यानं शिवा, पिना गंजतात आणि कागद खातात.